चिमाजीअप्पांच्या विजयानंतरची वसई

मराठी शाळेत शिकलेल्या कोणत्याही माणसाला वसई हे नाव उच्चारले की १७३९ हे साल आठवते. फेब्रुवारीत पडलेला वेढा, वाळूतून नेलेले सुरुंग, सेबास्टियन बुरुजाजवळचे घनघोर युद्ध, हजारो मराठ्यांचे बलिदान आणि अखेर १६ मे रोजी झालेला तह, एवढा भाग आपल्याला तोंडपाठ असतो. आणि तो असावाच. कारण युरोपीय सत्तेच्या हातून एक संपूर्ण प्रांत लढून घेणे ही त्या काळी हिंदुस्थानात दुर्मीळ गोष्ट होती. आठ शहरे, वीस किल्ले आणि ३४० गावे पोर्तुगिजांनी या मोहिमेत गमावली असे त्यांच्याच बाजूचे आकडे सांगतात. मात्र आपली पाठ्यपुस्तके वसईच्या तटावर भगवे निशाण चढले की पान उलटतात आणि थेट नादिरशहाकडे वळतात. त्या ३४० गावांतून हजारो ख्रिस्ती शेतकरी, कोळी आणि बागाईतदार राहत होते. त्यांच्या धर्माचा पाठीराखा राजा सामान उचलून गलबतात बसला, त्याच्याबरोबर त्यांचे गोरे पाद्रीही गेले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी हे लोक आपापल्या वाडीत जागे झाले. त्यानंतर त्यांचे काय झाले, हा प्रश्न इतिहासाच्या दृष्टीने विजयाच्या वर्णनापेक्षा कमी महत्त्वाचा नाही.

माझ्या मते तो अधिक महत्त्वाचा आहे. राजसत्तेच्या छत्राखाली वाढलेला धर्म ते छत्र मोडल्यावर टिकतो की नाही, यावरूनच तो लोकांचा झाला होता की नाही हे कळते.

हा धर्म येथे कसा आला याविषयी मन स्वच्छ ठेवूनच पुढे गेले पाहिजे. डिसेंबर १५३४ मध्ये गुजरातच्या बहादूरशहाने मोगलांच्या भयाने वसई आणि तिच्या ताब्यातील मुलूख पोर्तुगिजांना देऊन टाकला. मुंबईची बेटेही त्यातच गेली. सैन्यामागून फ्रान्सिस्कन पंथाचे संन्यासी आले. त्यांतील आंतोनियो दो पोर्तो याने साष्टीत आणि वसईत मोठी खटपट करून प्रार्थनामंदिरे उभी केली. मंडपेश्वराच्या लेण्याचे चर्च झाले ते याच काळात. फ्रान्सिस झेवियर वसईस येऊन गेला आणि पुढे जेझुइटांचे विद्यालय येथे निघाले. डोमिनिकन आणि ऑगस्टिनियन हे पंथही मागे राहिले नाहीत. या कार्यात सेवा होती, शिक्षण होते, दुष्काळात पोसलेली अनाथ मुले होती. तशीच पाडलेली देवळे होती, बंद केलेले सण होते, राजदंडाचा धाक होता आणि पुढे गोव्याच्या इन्क्विझिशनची सावलीही होती. यांपैकी एकच बाजू सांगणारा इतिहासकार वकील होऊ शकेल, इतिहासकार नव्हे. चिमाजीअप्पांनी वज्रेश्वरीला नवस केला आणि विजयानंतर तिचे देऊळ बांधवून तो फेडला, यामागे दोन शतकांचा साठलेला सल होता हे विसरून चालणार नाही.

पण धर्म कसा आला हा एक प्रश्न आणि कसा टिकला हा दुसरा. पहिल्याचे उत्तर दुसऱ्याला लावल्यामुळे आपल्याकडे पुष्कळ गोंधळ झाला आहे.

आता वसईच्या किल्ल्याकडे पाहू. तटाच्या आतील शहर हे मुख्यतः पोर्तुगीज सरदारांचे होते. गोव्याच्या खालोखाल दिमाख असलेल्या या शहराला ‘उत्तरेचा दरबार’ म्हणत. येथे जेवढे रस्ते नसतील तेवढे मठ आणि चर्च असावेत असे आजचे अवशेष पाहताना वाटते. संत जोसेफाचे मुख्य चर्च १५४६ चे, त्याची पुनर्बांधणी १६०१ मधली; त्याच्या उंच मनोऱ्यातील अरुंद नागमोडी जिना अजून आहे. जेझुइटांच्या चर्चचा दर्शनी भाग त्यातल्या त्यात सुस्थितीत. फ्रान्सिस्कनांच्या चर्चमध्ये पायाखाली थडग्यांचे दगड, त्यांवर झिजत चाललेली पोर्तुगीज नावे आणि पदव्या. डोमिनिकनांचे छप्पर गेले आहे, ऑगस्टिनियनांचेही गेले आहे. भिंतींतून वड-पिंपळांनी मुळे घातली आहेत.

हे सर्व मराठ्यांच्या तोफांनी झाले अशी एक समजूत आहे. ती अर्धीच खरी आहे. मे १६१८ मध्ये झालेल्या भयंकर वादळाने वसईच्या मठांची आणि चर्चची छपरे उडवली होती. १६७४ मध्ये मस्कतच्या अरबांनी उतरून तटाबाहेरची चर्च लुटली, आणि त्या वेळी आतील शिबंदी दरवाजे लावून स्वस्थ बसली होती. सतराव्या शतकाच्या अखेरीस साथीने शहराचा बराच भाग ओस पडला. म्हणजे चिमाजीअप्पांचे सैन्य आले तेव्हा आतून पोखरलेलेच लाकूड त्याच्यापुढे उभे होते. नंतर मराठ्यांची कचेरी, पुढे १७८० मध्ये जनरल गॉडर्डची स्वारी, १८०२ च्या अखेरीस दुसऱ्या बाजीरावाने केलेला तो दुर्दैवी तह, अशी या किल्ल्याची उतरती भाजणी लागली. १८२५ साली बिशप हेबर येथे आला तेव्हा त्याला दिसली ती ओसाड चर्च आणि नावापुरता पहारा. इंग्रज प्रवाशांना अशा अवशेषांची गोडी फार. त्यांनी वसईची चित्रे काढली, उसासे टाकले आणि बोटीत बसून मुंबईस परतले. त्यांच्यापैकी बहुतेकांच्या लेखी वसईचा ख्रिस्ती धर्म म्हणजे ती पडकी कमान होती. तटापासून कोस-दोन कोसांवर, केळीच्या बागांत, तोच धर्म धडधडीत जिवंत होता, हे त्यांनी फारसे पाहिलेच नाही.

चर्चच्या घंटांची गोष्ट तेवढ्यापुरती सांगितली पाहिजे. वसई प्रांतातील मोठमोठ्या पोर्तुगीज घंटा विजयाची खूण म्हणून मराठ्यांनी देशावर नेल्या. वाईजवळ मेणवलीला नाना फडणिसांच्या घाटावर एक आहे. तिच्यावर बाळ येशूला घेतलेल्या मारीयेची आकृती आहे. भीमाशंकराला एक आहे. नाशिकला गोदावरीच्या काठी नारोशंकराच्या देवळावर एक आहे, आणि तिच्या आवाजामुळे ‘नारोशंकराची घंटा’ हा शब्दप्रयोग मराठीत रूढ झाला. आपल्या घरातील एखाद्या खणखणीत आवाजाच्या मावशीला आपण हे नाव देतो, तेव्हा मूळ घंटा लॅटिन प्रार्थनेसाठी ओतलेली होती हे कोणाच्या ध्यानीमनीही नसते. घंटेला बिचारीला काय! ज्याने दोर ओढला त्याच्या देवाला तिने हाक मारली. पण ज्या गावांतून त्या गेल्या, तेथे सकाळ, दुपार आणि संध्याकाळ मोजण्याचे साधन गेले. शेतात वाकलेला माणूस ज्या नादाने हात जोडून उभा राही तो नाद थांबला. इमारत पडण्यापेक्षाही ही शांतता त्या पहिल्या वर्षी अधिक जाणवली असेल.

तहात ख्रिस्ती रहिवाशांना आपल्या धर्माप्रमाणे वागण्याची मोकळीक राखून ठेवलेली होती. असे कलम लिहिणे सोपे असते. ते पाळले गेले काय, हा खरा प्रश्न. याला एका त्रयस्थाची साक्ष आहे. पारशांच्या अवेस्ता ग्रंथाचे भाषांतर करून पुढे कीर्ती पावलेला फ्रेंच पंडित आंकेतिल द्यु पेराँ हा १७६० च्या सुमारास साष्टीतून गेला. ठाण्यास त्याने ख्रिस्ती लोकांचा एक उत्सव पाहिला. हजारो माणसे जमली होती, मिरवणूक निघाली होती आणि मराठ्यांच्या राज्यात कोणी त्यांना अडवीत नव्हते. चर्चचा कारभार देशी पाद्र्यांच्या हाती असल्याचेही त्याने नोंदवले आहे. म्हणजे विजयानंतर अवघ्या एकवीस वर्षांत जिंकणाऱ्या सत्तेच्या मुलखात जित धर्माची मिरवणूक उघडपणे रस्त्यावरून जात होती. पेशव्यांच्या राज्यकारभाराचे जे गुण आपण सांगतो त्यांत ही गोष्ट वरच्या स्थानी असावी असे मला वाटते. पण तिचा उल्लेख क्वचितच आढळतो. या काळात शुद्धीकरणाचेही काही प्रयत्न झाले, काही कुटुंबे पूर्वधर्मात परत गेली. मात्र परत जाण्याची वाट खुली असतानाही बहुसंख्य लोक गेले नाहीत. इथे ‘बाटवलेले लोक’ हा आपला सोयीस्कर शब्द लंगडा पडतो. आजोबांना बाटवले असेल. नातू स्वतःच्या मनाने राहिला.

तो का राहिला, याचा शोध किल्ल्यात लागत नाही, गावात लागतो. गोरे पाद्री गेल्यावर त्यांची जागा देशी पाद्र्यांनी घेतली. यांतील पुष्कळसे गोव्याकडून आलेले, कोकणी बोलणारे, थोडक्यावर निभावणारे आणि राजाश्रयाची सवय नसलेले होते. एकेका पाद्र्याकडे अनेक गावे असत. तो वर्षातून काही वेळाच एखाद्या दूरच्या वाडीवर पोहोचे. मधल्या काळात मुलांना प्रार्थना शिकवणे, आजाऱ्याजवळ बसणे, मयताला पोहोचवणे ही कामे गावची वडीलधारी माणसे आणि विशेषतः बायका करीत. दारापुढचा किंवा तिठ्यावरचा दगडी क्रूस हे त्यांचे चर्च. संध्याकाळी दिवा लावून त्याच्यापुढे जपमाळ म्हणायची, सणाच्या दिवशी ‘लादाईन’ गायची. हा मूळ पोर्तुगीज शब्द मारीयेच्या नामावलीच्या स्तोत्रासाठी आहे. येथील जिभेवर बसून तो आता मराठीच झाला आहे. छप्पर नाही, भिंत नाही, त्यामुळे दुरुस्तीचा खर्चही नाही. सरकारी बांधकाम खात्यात आयुष्य घालवलेल्या वाचकांना या व्यवस्थेचे मर्म अधिक चटकन कळेल.

दुसरी गोष्ट भाषेची. गोव्यात फादर स्टीफन्स याने मराठीत ‘ख्रिस्तपुराण’ रचले आणि ते १६१६ मध्ये छापले गेले, हे सर्वांना ठाऊक आहे. (स्टीफन्सची साष्टी ती गोव्याची, आपण येथे बोलत आहोत ती ठाण्याची, दोन्हींच्या नावात सहासष्ट गावांचा हिशेब आहे, म्हणून घोटाळा होतो.) परंतु उत्तर कोकणासाठीही असेच एक पुराण झाले, याची जाणीव कमी आहे. फ्रान्सिस्को वाझ द गिमाराइंस या फ्रान्सिस्कन पाद्र्याने ख्रिस्ताच्या दुःखभोगाची कथा येथील लोकबोलीला जवळ अशा मराठीत ओवीबद्ध केली आणि ती १६५९ मध्ये लिस्बन येथे रोमन लिपीत छापली गेली. मराठी काव्याचे एक पुस्तक लिस्बनला छापले जाते, गलबतातून वसईला येते आणि कोकणातल्या ओसरीवर उपवासकाळात मोठ्याने वाचले जाते, हा प्रवासच विलक्षण आहे. तो ग्रंथ लोकांनी नुसता वाचला नाही. ज्यांना अक्षर येत नव्हते त्यांनी तो कानाने धरला. मुंबईत १८४५ मध्ये तो पुन्हा छापावा लागला. पहिल्या छपाईनंतर १८६ वर्षांनी, पोर्तुगीज राज्य जाऊन शतक उलटल्यावरही त्याला गिऱ्हाईक होते, ही त्याच्या लोकप्रियतेची पावती समजावी. काव्यगुणांत तो स्टीफन्सच्या बराच मागे आहे, हे मान्य करावे लागेल. पण एखादा ग्रंथ किती चांगला आहे आणि तो किती घरांत गेला, ही मापे निराळी असतात.

याच ओसरीवर जुन्या चालीरीती नव्या श्रद्धेत मिसळून गेल्या. भाताची पहिली कणसे कापून चर्चमध्ये आशीर्वादासाठी नेण्याचा ‘अगेरा’चा सण साष्टी-वसईच्या ख्रिस्ती शेतकऱ्यांत आहे, नवान्न पौर्णिमा पाळणाऱ्या कोकणस्थाला त्यात अपरिचित असे काही वाटू नये. लग्नात उंबराच्या पाण्याचा विधी आहे. विहिरीवर वाजतगाजत जाऊन पाणी आणायचे, गाणी म्हणायची, आणि ती गाणी मराठी. वसईच्या उत्तरेकडील गावांतून कुपारी समाजाच्या वृद्ध स्त्रिया लाल लुगडे नेसतात आणि सामवेदी बोली बोलतात. आडनाव लोपीस किंवा डिसोजा असेल, बोलण्यातील क्रियापदे मात्र यादवकालीन मराठीची आठवण करून देणारी. मुंबईतील त्यांच्या भाईबंदांनी १८८७ मध्ये ‘ईस्ट इंडियन’ असे इंग्रजी नाव घेतले. कंपनी सरकारच्या जुन्या नोकरीची ओळख सांगून गोव्याकडून आलेल्या उमेदवारांपेक्षा आपण निराळे आहोत हे दाखवण्याचा तो एक उपाय होता. नाव इंग्रजी आणि घरात मराठी, असा हा संसार पुढे कित्येक पिढ्या चालला.

पोर्तुगीज धर्मप्रमुखांनी या लोकभाषेला नेहमीच आधार दिला असे मात्र नव्हे. गोव्यात १६८४ मध्ये देशी भाषा सोडून पोर्तुगीज बोलावी असा हुकूमच निघाला होता. अशा हुकुमांचे जे व्हायचे तेच झाले. ज्या भाषेत आई अंगाई म्हणते ती गॅझेटात प्रसिद्ध करून बंद पडत नाही. उलट असे म्हणता येईल की वसईच्या धर्माला त्याच्या राजभाषेने तारले नाही, त्याच्या लोकभाषेने तारले. पोर्तुगीज भाषा किल्ल्यातील थडग्यांवर राहिली, मराठी क्रुसापुढे राहिली.

गावांतील चर्चही हळूहळू पुन्हा उभी राहिली. नंदाखालचे पवित्र आत्म्याचे चर्च मूळ १५७३ चे, माणिकपूरचे संत मायकेलचे १६०६ चे. यांच्या आजच्या भिंती त्या काळच्या आहेत असे नाही. कौले बदलली, वासे बदलले, पुढचा मंडप वाढला, काही ठिकाणी संपूर्ण इमारत नवी झाली. रमेदीच्या चर्चची युद्धकाळात हानी झाली, पण पुढे ते उभारले गेले; तेथील मातेच्या यात्रेला इतर धर्मांचे लोकही नवस बोलायला येतात. पुराणवस्तूंच्या अभ्यासकाला हे फेरफार खटकतात. त्याला मूळचा दगड हवा असतो. आणि खरोखरच, जुन्या लाकडी वेदीवरचे कोरीव काम काढून तेथे गुळगुळीत फरशी बसवलेली पाहिली की जीव हळहळतो. पण ज्या चर्चची मूळ शिळा जशीच्या तशी शिल्लक आहे ती सर्व किल्ल्यात आहेत, आणि तेथे रोज संध्याकाळी कोणी गुडघे टेकत नाही. जे वापरले जाते ते झिजते, बदलते. जे वापरत नाही तेच जतन होते. ही अडचण देशातील प्रत्येक जुन्या देवस्थानाची आहे, आणि तिला सोपे उत्तर मला तरी सुचलेले नाही.

जुन्या गोव्यात हीच गोष्ट मोठ्या प्रमाणावर झाली. १८३४-३५ मध्ये पोर्तुगालने धार्मिक पंथ बरखास्त केले, मठ रिकामे पडले आणि १८४२ साली ऑगस्टिनियनांच्या प्रचंड चर्चचे घुमटाकार छत कोसळले. १९३१ मध्ये त्याच्या मनोऱ्याचा अर्धा भाग पडला. उरलेला लाल दगडी सुळका आज प्रवासी पाहतात. त्याची घंटा मात्र पणजीच्या टेकडीवरील चर्चमध्ये गेली आणि तेथे वाजते आहे. १९८६ मध्ये जुन्या गोव्याची चर्च जागतिक वारशाच्या यादीत गेली. पण गोव्याचा ख्रिस्ती माणूस त्या यादीमुळे ख्रिस्ती राहिलेला नाही, आणि ती यादी उद्या रद्द झाली तरी तो गावच्या फेस्ताला जाईलच. वसईचा किल्ला पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहे. खात्याने काही भिंती सावरल्या, जेझुइट चर्चला हात लावला. कामाच्या गतीविषयी तक्रारी होतात, त्या रास्तही असतील. आपल्यापैकी अनेकांनी बदलीच्या गावी अशा वास्तूंच्या फायली हाताळल्या असतील. त्या फायलीत चुन्याचा भाव असतो, कुंपणाची लांबी असते, अतिक्रमणाची नोंद असते. वास्तू कोणासाठी बांधली होती आणि ती माणसे कोठे गेली, याचा रकाना नसतो. वसईच्या बाबतीत तो भरणे सोपे आहे: ती माणसे कोठेही गेली नाहीत, भाजीची टोपली घेऊन मुंबईच्या गाडीत चढत राहिली.

विसाव्या शतकात या समाजाचा धर्म उघडपणे मराठी झाला. १९६२ ते १९६५ या काळात भरलेल्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने उपासनेत लोकभाषेला स्थान दिले आणि जी भाषा चार शतके अंगणात होती ती वेदीवर गेली. २२ मे १९९८ रोजी वसईचा स्वतंत्र धर्मप्रांत झाला. त्याचे पहिले बिशप थॉमस डाबरे यांनी तुकारामांच्या ईश्वरानुभवावर प्रबंध लिहिलेला होता, हे येथे मुद्दाम सांगितले पाहिजे. नंदाखालचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी ‘सुवार्ता’ मासिक अनेक वर्षे चालवले, वसईच्या जमिनी आणि पाणी वाचवण्याच्या चळवळीत रोष पत्करला, ‘सुबोध बायबल’ लिहून साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळवला आणि २०२० मध्ये उस्मानाबादच्या मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. त्यांच्या निवडीला विरोध झाला. तरी संमेलन झाले आणि ते अध्यक्षस्थानी बसले. २०२४ च्या जुलैत ते निवर्तले. चिमाजीअप्पांच्या विजयाला त्या वेळी २८५ वर्षे झाली होती.

वसईची एक हकीकत अजून राहिली आहे आणि ती आपल्याला फार दूर घेऊन जाते. सोळाव्या शतकाच्या मध्यानंतर वसईस गोन्सालो गार्सिया नावाचा मुलगा जन्मला. बाप पोर्तुगीज, आई येथली. जेझुइटांच्या शाळेत तो शिकला, त्यांच्याबरोबर जपानला गेला, तेथील भाषा उत्तम बोलू लागला. मध्यंतरी त्याने व्यापार केला, मग मनिला येथे फ्रान्सिस्कन पंथात तो साधा बंधू म्हणून शिरला. १५९३ मध्ये फिलिपाइन्सच्या स्पॅनिश गव्हर्नराने जपानचा सत्ताधीश हिदेयोशी याच्याकडे वकिलात पाठवली तेव्हा हा वसईकर तिचा दुभाषा होता. पुढे हिदेयोशीची मर्जी फिरली आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीच्या निशिझाका टेकडीवर २६ जणांना क्रुसावर चढवून भाल्यांनी मारण्यात आले. गोन्सालो त्यांतला एक. १८६२ मध्ये पोपने या सव्वीस जणांना संतपद दिले. हिंदुस्थानात जन्मलेला पहिला संत तो हाच. वसईजवळच्या गास गावचे चर्च त्याच्या नावाचे आहे.

जपानात १६१४ पासून ख्रिस्ती धर्मावर बंदी आली. चर्च पाडली गेली, पाद्री मारले किंवा घालवले गेले, आणि मारीयेच्या प्रतिमेवर पाय ठेवून आपण ख्रिस्ती नाही हे सिद्ध करण्याची सक्ती झाली. वसईच्या लोकांना निदान देशी पाद्री होते आणि तहाचे संरक्षण होते. जपानी शेतकऱ्यांना तेही नव्हते. तरी उराकामी, सोतोमे आणि गोतो बेटांतील खेड्यांतून हा धर्म गुप्तपणे चालू राहिला. गावातला एकजण सणांचे दिवस मोजी, दुसरा मुलांना बाप्तिस्मा देई. प्रार्थनांना ते ‘ओराशो’ म्हणत. लॅटिन शब्दाचे हे जपानी रूप पाहिले की आपली लादाईन आठवल्यावाचून राहत नाही. बौद्ध कान्नोनच्या मूर्तीत त्यांनी मारीया पाहिली. असे अडीचशे वर्षे चालले. परकीयांना बंदरे खुली झाल्यावर फ्रेंच मिशनऱ्यांनी नागासाकीत ओउरा येथे एक चर्च बांधले आणि ते त्या सव्वीस हुतात्म्यांना अर्पण केले. १७ मार्च १८६५ रोजी उराकामीचे सुमारे पंधरा शेतकरी तेथे आले. त्यांतील एका स्त्रीने फादर पेतिजाँ यांच्या कानाशी लागून, आमचेही हृदय तुमच्यासारखेच आहे, अशा अर्थाचे सांगितले आणि सांता मारीयेची मूर्ती कोठे आहे असे विचारले. सात पिढ्यांत त्यांनी चर्चची इमारत पाहिलेली नव्हती. नंतरही छळ चुकला नाही. सुमारे ३,४०० उराकामीवासीयांना हद्दपार केले गेले आणि १८७३ मध्येच बंदीचे फलक उतरले.

परत आलेल्या त्या लोकांनी पैसा पैसा जमवून उराकामीचे मोठे चर्च बांधले. १८९५ ला आरंभ, १९१४ ला पूर्तता. ९ ऑगस्ट १९४५ रोजी अणुबॉम्ब जवळजवळ त्याच्या डोक्यावर फुटला. सुमारे १२,००० स्थानिक ख्रिस्ती लोकांपैकी सुमारे ८,५०० मेले. ढिगाऱ्यातून चर्चची एक घंटा अभंग निघाली. लाकडाच्या तिवईला टांगून त्या नाताळात लोकांनी ती वाजवली. चर्च पुन्हा उभे राहायला १९५९ उजाडले.

आता गोतो बेटांतील तरुण शहरांकडे गेले आहेत आणि म्हाताऱ्यांना तेथील लाकडी चर्च सांभाळणे जड जाते. २०१८ मध्ये या गुप्त ख्रिस्ती स्थळांपैकी काही जागतिक वारशाच्या यादीत आली, त्यामुळे पाहुणे वाढले. निशिझाका टेकडीवर १९६२ मध्ये, म्हणजे संतपदाच्या शताब्दीला, सव्वीस हुतात्म्यांचे स्मारक झाले. तेथे चर्चसारखी भिंत आहे आणि तिच्यावर ओळीने ब्राँझच्या सव्वीस मूर्ती आहेत. त्यांतील एक वसईची.